तिसऱ्या रांगेतली बाई

मला चित्रकथांमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नऊ वर्षं मी टोकियोत, नेरिमाला, गोंदो सेन्सेईंच्या घरी स्वयंपाक करत होते. सेन्सेई म्हणजे आमचे गुरुजी, मालक, सगळं एकच; ज्याची गोष्ट स्वतःच्या नावाने छापून येते, त्याला संपादकसुद्धा सेन्सेईच म्हणतात. त्या नऊ वर्षांत त्यांचं एक पानसुद्धा मी नीट वाचलं नव्हतं. दोन आडदांड सुमो पैलवान एकमेकांना ढकलणार, एक पडणार, दुसरा उभा राहणार, आणि ते बघायला पोरं दर आठवड्याला दुकानापुढे रांग लावणार. लावोत बापडी. माझं काम एवढंच, की दुपारी साडेबाराच्या ठोक्याला सगळ्यांपुढे गरम भात आला पाहिजे. त्याआधी मी बंदरावरच्या खानावळीत कोळ्यांना वाढायचे. कोळी निदान जेवताना भांडतात तरी. ही चित्रकार मंडळी भाताकडे बघतानासुद्धा डोक्यात रेघा ओढत असतात.

त्यातल्या त्यात सायो बरी. सायो मुरोई, अकिताकडची पोरगी. पोरगी कसली, तेव्हा चौतीस वर्षांची होती, पण मी तिला 'पोरी'च म्हणायचे. एकविसाव्या वर्षी ती सेन्सेईंच्या हाताखाली आली. पहिलं वर्षभर तिने नुसत्या पेन्सिलीच्या खुणा खोडल्या. मग तिला गवत मिळालं. मग दगड, मग कौलं, मग झाडं. सातव्या वर्षी मिळाली गर्दी. सेन्सेई पैलवान काढायचे आणि आखाड्याभोवती बसलेली हजार माणसं काढायची सायो. एकदा मी तिच्या टेबलावर चहा ठेवायला गेले, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत तिने बावीस टाळकी बसवली होती, आणि प्रत्येकाचा भांग वेगळा.

गर्दीचा या धंद्यात एक कडक नियम. गर्दीतला चेहरा असा पाहिजे, की त्याच्यावर कुणाची नजर थांबता कामा नये. नजर गेली पाहिजे थेट पैलवानाकडे. सेन्सेई या बाबतीत फार करडे. सायोने काढलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या मिशा जरा मजेदार झाल्या, की लाल पेन्सिलीने त्याच्यावर काट. "हा माझ्याकडे बघतोय. पूस याला." ती पुसायची. गवत-दगडांपासून तेरा वर्षं ती अशीच पुसत आली होती.

आणि रविवारी, सुटीच्या दिवशी, ती स्वतःची गोष्ट काढायची. तिचा सगळा जीव त्यातच. स्वतःच्या नावाने एक गोष्ट छापून यावी, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी तिने अकिता सोडलं, त्यापायी ठरलेलं लग्न मोडलं, त्यापायी जेमतेम साडेचार चटया मावतील एवढ्या खोलीत तेरा हिवाळे काढले. दर वर्षी एखादी नवी गोष्ट घेऊन ती इनोकुमाला दाखवायची. इनोकुमा हा साप्ताहिकाचा संपादक. सेन्सेईंची पानं न्यायला दर गुरुवारी यायचा आणि माझा भाजलेला बांगडा खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. उंच, वाळका, कधीच न हसणारा माणूस. सायोची पानं मात्र तो हात धुऊन वाचायचा, शेवटपर्यंत वाचायचा. आणि अकरा वेळा त्याने तेच सांगितलं होतं.

"रेघ उत्तम. मांडणी उत्तम. पण सायो, हे गोंदो सेन्सेईंचं आहे. हे डोळे त्यांचे, ही हनुवटी त्यांची. पोरगी रडतेय तीसुद्धा त्यांच्याच पोरींसारखी. एक गोंदो आमच्याकडे आहेत. दुसरे घेऊन काय करू?"

"पुन्हा काढते," सायो म्हणायची. मग वाकून नमस्कार करायची आणि आत येऊन दोन वाट्या भात जास्त खायची. दुःखात खाणारी माणसं मला आवडतात. त्यांची समजूत काढणं सोपं असतं.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत इनोकुमा एका मंगळवारी उगवला. मंगळवारी! मी बांगडा आणलाच नव्हता. तोफूवर भागवा म्हटलं, तर तो म्हणाला, "काकू, आज मला भूकच नाही." 

"दोन बातम्या आहेत," तो म्हणाला. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो: सेन्सेई, सायो, बाकीचे दोघे मदतनीस आणि मी. "पहिली म्हणजे, एक एप्रिलला माझी बदली होतेय. बागकामाच्या मासिकात."

दर एप्रिलला मोठ्या कचेऱ्यांमध्ये माणसं इकडची तिकडे टाकतात, त्यात नवल नाही. पण चौतिशीच्या नवख्या बाईची पानं पुढचा संपादक उघडूनसुद्धा बघणार नाही, हे सायोला माहीत होतं, मला माहीत होतं, दारातल्या बुटांनासुद्धा माहीत होतं. तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"उन्हाळ्याच्या जादा अंकात एकतीस पानं मी तुझ्यासाठी अडवून ठेवली आहेत," इनोकुमा तिला म्हणाला. "एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता मी माझं टेबल रिकामं करणार. तोवर तुझ्या हातची गोष्ट आली, तुझ्या हातची म्हणतोय मी, तर छापतो. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं. माझं तोंड असं आधी धावतं.

"तर मी घरी जाईन," सायो म्हणाली. "भावाची रोपवाटिका आहे. त्याला माणूस हवंच आहे."

"म्हणजे तू रोपं लावणार आणि हे त्यांच्यावर लेख छापणार. छान जमलं की!" मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

"दुसरी बातमी काय?" सेन्सेईंनी विचारलं.

इनोकुमाने पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. आमच्याकडे प्रत्येक अंकात एक पोस्टकार्ड शिवलेलं असतं. काय आवडलं ते लिहून पोरं पाठवतात, आणि त्यावर गोष्टींचं जगणं-मरणं ठरतं. वर्षातून एकदा आवडतं पात्र विचारतात. तोच निकाल होता. पहिला आला पैलवान दोझान, म्हणजे सेन्सेईंचा नायक. दुसरा त्याचा वैरी. तिसरे म्हातारे पंच. इथवर सेन्सेई मान डोलवत होते.

"चौथ्या क्रमांकावर..." इनोकुमाने घसा खाकरला. "चौथ्या क्रमांकावर आहेत त्यांना नाव नाही."

"नाव नाही म्हणजे?"

"वाचकांनीच नावं दिली आहेत. 'तिसऱ्या रांगेतली बाई.' 'सारखी खाणारी काकू.' 'ती दातवाली.' सगळी मिळून दोन हजार एकशे बारा पत्रं."

"आणि यायोई?" सेन्सेईंचा आवाज बारीक झाला. यायोई ही त्यांची नायिका. तिच्या नुसत्या केसांवर ते दर आठवड्याला अर्धा दिवस घालवायचे.

"नववी."

इनोकुमाने अंक उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. पुढे दोन पैलवान जुंपलेले. मागे गर्दी. गर्दीत, तिसऱ्या रांगेत, नखाएवढी एक बाई. एका हातात भाताचा गोळा, तोंडात दुसरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढचे दोन दात ओठावर, आणि मोकळ्या हाताने ती शेजारच्या माणसाला झाडत होती. सगळ्यांनी चित्राकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ही मी आहे?"

"काकू, मी मुद्दाम नाही केलं..." सायो लाल झाली.

"माझे दात असे आहेत?"

दोघे मदतनीस तोफू मोजायला लागले.

"बोला की! आता का बोलती बंद झाली?"

"जरासे आहेत," इनोकुमा म्हणाला.

"तुम्हाला आज लोणचं नाही!"

सायो खुर्चीवरून उतरली आणि तिने जमिनीला कपाळ टेकलं. "सेन्सेई, माफ करा. हात दमला, आणि कुणी बघत नाहीये असं वाटलं, की काकू आपोआप उतरायच्या. तुम्हाला दिसू नये म्हणून मी फार लहान काढायचे."

सेन्सेई उठले आणि भात तसाच टाकून आपल्या खोलीत गेले. नऊ वर्षांत त्यांनी माझा भात टाकला नव्हता.

माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. दोन दिवस मी सगळ्यांना नुसती पेज वाढली. तिसऱ्या दिवशी मुळे आणायला गेले, तर वाटेत पुस्तकांचं दुकान. म्हटलं बघू तरी, किती बदनामी झाली आहे. उभ्या उभ्या जुने अंक चाळायला लागले. पैलवान सोडून दिले, नुसती गर्दी बघत गेले. एका अंकात मी शेजाऱ्याच्या डब्यातला मासा पळवत होते. एकात मी पुढच्या माणसाच्या टकलावर छत्री टेकवून डुलकी काढत होते. एकात अख्खा आखाडा उभा राहून ओरडतोय आणि मी एकटी खाली बसून संत्रं सोलतेय. मला इतकं हसू आलं, की दुकानदाराची बायको बाहेर आली. तिने अंकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात बोटच घातलं.

"अगं बाई! तुम्हीच का त्या?"

"मीच ती," मी म्हटलं. "चौथी आलेय. यायोई नववी."

घरी येऊन मी मुळे टाकले आणि थेट सायोच्या टेबलाशी गेले. "काढ मला! दातांसकट काढ, चालेल. एकतीस पानं काढ. इनोकुमाला तुझा हात हवाय ना? हाच की तो!"

"मलाही तसंच वाटतंय, काकू," ती म्हणाली. डोळे चमकत होते.

रविवारी मी तिच्या खोलीवर गेले. ठेवणीतला किमोनो नेसून, ओठ मिटून तीन तास ताठ बसले. तिने काढलं आणि माझ्यापुढे धरलं. कागदावर यायोई होती, माझा चष्मा घातलेली. मोठे पाणीदार डोळे, इवलीशी हनुवटी. इतकी गोंडस, की माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं.

"ही कोण सटवी?" मी म्हटलं.

"मला कळत नाही हो काय होतं ते." तिने कागद चुरगळला. "गर्दीत काढते तेव्हा मजा येते. पण खाली माझं नाव येणार असं डोक्यात आलं, की हात उठून सेन्सेईंना विचारायला जातो. मग त्यांचंच उतरतं."

फेब्रुवारी असाच गेला. तिने तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा यायोईच जन्माला आली. माझा तर जीव तुटायचा तिच्याकडे बघून. चौथ्यांदा सुरुवात करण्याऐवजी तिने भावाला पत्र टाकलं, की एप्रिलमध्ये येतेय.

सेन्सेई त्या सगळ्या दिवसांत "मीठ द्या" यापलीकडे बोलले नव्हते. आठ मार्चला सकाळी त्यांनी हाक मारली, "मुरोई!" ते तिला आडनावाने बोलवायचे तेव्हा सगळ्यांच्याच पाठीचा कणा सरळ व्हायचा. त्यांनी तिच्यापुढे एकतीस कागद ठेवले. चौकटी आखलेल्या, आणि प्रत्येक पानावर मधोमध मोकळ्या जागा, त्यात पेन्सिलीने फुल्या.

"जादा अंकात आता माझी गोष्ट जातेय. दोझानच्या कुस्तीचा एक दिवस. गर्दी येते, बसते, खाते, वाट बघते, घरी जाते. या वेळी गर्दी आधी काढ. फुल्या आहेत तिथे मी शेवटी पैलवान भरीन, तिथे हात लावायचा नाही. आणि लाल पेन्सिल लावायला मला वेळ नाही, तेव्हा तुझं तू बघ."

जादा अंक. एकतीस पानं. म्हणजे तीच पानं, तिचीच! सायोने मान खाली घातली, "हो" म्हणाली आणि कागद उचलून घेतले. माझं मात्र डोकं सणकलं. हातातला झारा तसाच घेऊन मी सेन्सेईंच्या खोलीत शिरले.

"लाज नाही वाटत? तेरा वर्षं राबली ती तुमच्यासाठी! तिच्या तोंडचा घास होता तो. चौथी मी आले म्हणून तिच्यावर सूड उगवताय?"

"दार लावा," सेन्सेई म्हणाले.

"नाही लावत!"

"हात्सुएबाई, आधी दार लावा आणि झारा खाली करा."

मी दार लावलं. झारा खाली केला नाही.

"तिला गोष्ट दिली की ती माझी नक्कल करते," ते म्हणाले. "गर्दी दिली की स्वतःचं काढते. मग तिला एकतीस पानांची गर्दीच द्यायला हवी. इनोकुमाला माहीत आहे. जागा तिचीच आहे."

"आणि पैलवान?"

"पैलवान नाहीतच."

आता मात्र मी झारा खाली केला. सेन्सेई खिडकीबाहेर बघत होते. "तेरा वर्षं मी लाल पेन्सिल घेऊन तिचा हात पुसत बसलो. मला वाटलं, मी शिकवतोय. ती पत्रं वाचली आणि मला झोप लागेना. रागाने नव्हे हो." जरा थांबून म्हणाले, "बरं, पहिला दिवस रागानेच. पण नंतर वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आता तिला हे कळलं, की हात पुन्हा आखडेल. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत आहे. तेवीस दिवस, हात्सुएबाई. तेवीस दिवस गप्प बसाल?"

तेवीस दिवस! मला तेवीस मिनिटं जड जातात. सायो समोर आली की मी तोंडात लोणच्याची फोड धरायचे. त्या महिन्यात मी इतकं लोणचं खाल्लं, की बरणीचा तळ दिसला.

पण सायो काय सुटली होती म्हणता! पहिले दोन दिवस मान खाली घालून गुमान काढत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या टेबलाकडून फिस्सकन आवाज आला. स्वतःच काढलेल्या कुणाला तरी ती हसत होती. सेन्सेई येता-जाता पानांकडे बघायचे आणि एखादाच प्रश्न टाकायचे.

"हा दाढीवाला पुढच्या पानावर दिसत नाही. कुठे गेला?"

"लघवीला, सेन्सेई."

"मग परत येऊ दे. एकतीस पानं माणसं तीच राहिली पाहिजेत. येताना कुणाच्या पायावर पाय देतो ते दाखव."

दोन दिवसांनी तीच विचारायला गेली. "सेन्सेई, गर्दी बोलली तर चालेल? बोलल्याशिवाय ती हलतच नाही."

"बोलू दे. फक्त पैलवानांबद्दल नको. ते माझं काम."

मग काय, पैलवान सोडून ती माणसं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायला लागली. एक दंतवैद्य होता, तो आखाड्याकडे न बघता आजूबाजूच्यांचे दातच बघायचा. एक नवराबायको भांडून आलेले, मध्ये एक अनोळखी माणूस बसवून त्याच्यामार्फत बोलत होते. दाढीवाला परत आला तो चुकीच्या रांगेत, आणि तिथल्या कुटुंबाने त्याला जेवायलाच बसवलं. आणि तिसऱ्या रांगेत मी! सकाळपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीची वाट बघत मी बसलेली, आणि नेमकी ती कुस्ती लागते तेव्हा माझी एक काडी खाली पडते, ती शोधायला मी वाकते, आणि वर येते तोवर सगळं संपलेलं. ते पान बघून मला ओट्यापर्यंत पळावं लागलं, हसू आवरेना म्हणून.

सायो आनंदातही दोन वाट्या भात जास्तच खायची. फरक एवढाच, की आता ती जेवताना बोलायची. दाढीवाल्याचं आडनाव काय, दंतवैद्याची बायको त्याला का सोडून गेली, सगळं तिला माहीत असायचं. एकदा मात्र काड्या थांबवून तिने विचारलं, "काकू, सेन्सेईंनी अजून एकही पैलवान भरला नाही. वेळेत होईल का हो?"

"मला काय विचारतेस? मी मुळा किसतेय." मुळा कधीच किसून झाला होता. मी किसणीवर नखं घासत होते.

एकतीस मार्चला दुपारी बाराला तिने गठ्ठा सेन्सेईंपुढे ठेवला. "सगळी गर्दी झाली. फुल्या तेवढ्या राहिल्यात."

सेन्सेई वाचायला बसले. पाचव्या पानावर त्यांचं पोट हलायला लागलं. बाराव्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काडीच्या पानावर तर ते टेबलावर थापा मारायला लागले. मग त्यांनी पानं खाली ठेवली.

"मी इथे काय काढू?"

"पैलवान, सेन्सेई."

"एक माणूस तरी फुलीकडे बघतोय का? दाढीवाला जेवतोय, वैद्य दात मोजतोय, हात्सुएबाई बाकाखाली आहेत. इथे दोझानला उभा केला, तर तोच गर्दी होऊन बसेल."

सायोने पानं स्वतःकडे ओढली. "चुकलं माझं. मी पुन्हा काढते, पुसून..."

"खबरदार पुसलंस तर!" सेन्सेई एवढ्याने ओरडले, की मदतनिसाच्या हातून दौत पडली. मग हळू म्हणाले, "तुझीच पानं आहेत ही. माझी कधी नव्हतीच. ही भोकं तेवढी बंद कर. चार तास आहेत."

तिला समजायला वेळ लागला. तिने माझ्याकडे वळून बघितलं. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"तेवीस दिवस!" मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "तेवीस दिवस मी लोणचं खातेय, मेले!"

ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग दोन्ही एकदम. नाक पुसलं, टेबलाशी बसली, पहिली फुली खोडली आणि पेन उचललं.

आणि हात थांबला.

मला दिसलं ते. पेन कागदाच्या वर लटकलं होतं आणि खाली येत नव्हतं. आता तिला माहीत होतं ना, की खाली तिचं नाव येणार.  आता त्या जागेत यायोई उतरली, तर सगळ्यावर पाणी. सायोने मान वळवून सेन्सेईंकडे बघितलं, विचारायला.

सेन्सेई जागेवर नव्हते. ते दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर जाऊन बसले होते, जिथे सगळ्यात नवा माणूस बसतो. बाह्या वर केल्या होत्या, हातात कुंचला होता. जिथे काळा रंग भरायचा असतो तिथे खूण केलेली असते आणि नवा माणूस तो भरतो. ते काम करायला सेन्सेई बसले होते.

"माझ्याकडे काय बघतेस? मीच तुला विचारणार होतो," ते म्हणाले. "सहाव्या पानावरची ही बाई. हिचं जाकीट काळं करू का?"

"काळं," सायो म्हणाली. मग म्हणाली, "नको, नको! ठिपक्यांचं. ती सुनेशी भांडून आलीय. काळं घातलं तर सून जिंकली असं होईल."

"बरं. ठिपके मोठे की बारीक?"

"मोठे. घरून मुद्दाम निवडून घालून आलीय ती."

आणि हे बोलता बोलता तिचा हात चालू झाला होता. तिने बघितलंही नाही. पहिल्या फुलीच्या जागी एक बाळ आलं, बापाच्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे बघून जीभ काढणारं. दुसरीत शेंगदाणेवाला, ज्याला सुटे मागून मागून लोकांनी रडकुंडीला आणलंय. एकाचेही डोळे पाणीदार नव्हते. बारके, तिरपे, चोरटे, हावरट डोळे, आमच्या गल्लीतल्या माणसांचे असतात तसे. मी दर अर्ध्या तासाला भाताचे गोळे करून एकेकाच्या तोंडात भरवत होते, कारण सगळ्यांचेच हात शाईचे.

सव्वाचारला इनोकुमा आला. वीस मिनिटं आहेत म्हणाला, बूट न काढता दारातच पानं हातात घेतली. काडीच्या पानावर त्याच्या घशातून विचित्र आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मी पाणी घेऊन धावले. तर तो हसत होता! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं मेल्याने, आणि दात बघते तर माझ्यापेक्षा वाकडे.

शेवटचं पान संपवून त्याने चष्मा पुसला आणि सवयीने सेन्सेईंकडे वळला. "पानं नेऊ का?"

"मला काय विचारता?" सेन्सेईंनी मानसुद्धा वर केली नाही. "मी इथे ठिपके भरायला आहे."

इनोकुमाने बूट काढले. कोटाची बटणं लावली. आत येऊन सायोच्या टेबलापुढे उभा राहिला, कमरेत पूर्ण वाकला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "सेन्सेई, पानं नेऊ का?"

सायोने चटकन मागे वळून बघितलं, तो कुणाला म्हणतोय म्हणून. मागे मी होते, भाताची परात घेऊन.

"अगं, तुला म्हणतायत, पोरी," मी म्हटलं.